माळाखालचा पक्का थर: उथळ, गोटाळ चराऊ जमीन कशी तपासावी

माळावर पहार मारली, वीतभर आत गेली आणि ठण्णकन अडली. नवखा माणूस इथेच निकाल लावून मोकळा होतो: खाली कातळ आहे, जमीन कामाची नाही. मीही पहिल्यांदा वहीत 'कातळ, ३० सेंमीवर' असंच लिहिलं होतं. पुढे एका जोरदार पावसाने त्याच जागेशेजारी खोल ओघळ कापला. त्याच्या काठावरून खाली पाहिलं, तर माझा 'कातळ' म्हणजे हातभर जाडीचा पांढुरका थर निघाला आणि त्याच्याखाली पुन्हा सुटी वाळू आणि गोटे. तो खडक नव्हताच. मातीनेच आपल्या पोटात घडवलेला थर होता तो.

वर वीत-दीड वीत माती, तीत गोटेच गोटे, खाली सिमेंटसारखा पक्का थर, आणि वापर काय तर गुरं नाहीतर शेळ्यामेंढ्या चारणं. अशी जमीन पहिल्यांदाच हाताळणाऱ्यांसाठी हे लिहितोय. कोरड्या आणि निमकोरड्या प्रदेशांत ती जगभर सापडते. अमेरिकेच्या नैऋत्य भागात या थराला कॅलिची म्हणतात, भूवैज्ञानिक कॅलक्रीट म्हणतात, आणि मृदाशास्त्राच्या वर्गीकरणात चुन्याने जखडलेल्या थराचं नाव आहे पेट्रोकॅल्सिक. पश्चिम टेक्सासातली 'अप्टन' ही माती याच कुळातली.

अशा जमिनीबद्दल पहिला प्रश्न येतो तो खोलीचा. तो अपुरा आहे. खरे प्रश्न दोन: त्या खोलीत दगड वजा जाता माती किती उरते, आणि खालचा थर कशाने बांधला गेलाय? त्यांची उत्तरं मिळाली की चराई, कुंपण, तळं, झाडं यांचे निर्णय बरेचसे सोपे होतात.

सामान

पहार, टिकाव, फावडं, छोटी हातोडी, मोजपट्टी, २ मिमीची चाळणी, दोन सारख्या बादल्या, प्लास्टिकचा कागद, पाणी, आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची ड्रॉपरची बाटली. ३७ टक्क्यांच्या तीव्र आम्लाचा एक भाग अकरा भाग पाण्यात मिसळला की कामापुरतं सौम्य आम्ल तयार होतं. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा घालूनच हे करा. आम्लाच्या भानगडीत पडायचं नसेल तर व्हिनेगर चालेल, पण त्याची फसफस मंद असते. खड्याची पूड करून त्यावर टाका आणि कान जवळ नेऊन ऐका.

दिवस वाफशाचा निवडा. कडकडीत कोरड्या जमिनीत सगळंच दगडासारखं लागतं आणि साधी चिकणमातीसुद्धा 'पक्का थर' वाटते. चिखलात थरांच्या कडा दिसत नाहीत.

पायरी १: खणण्याआधी फिरून या

तासभर नुसते चाला. जमिनीवर पसरलेले गोटे उचलून उलटे करून बघा. मातीत रुतून असलेल्या गोट्याच्या खालच्या अंगाला बहुतेकदा पांढरी खरबरीत साय चिकटलेली दिसेल. पाणी खाली झिरपताना गोट्याच्या पोटाशी थेंब होऊन लटकतं, तिथेच सुकतं आणि विरघळलेला चुना मागे ठेवतं. म्हणून ही साय खालच्या बाजूलाच धरते. सुट्या गोट्यांवर ती वरच्या अंगाला दिसली तर समजा, तो गोटा कधीतरी उलटलाय: खुरांनी, नांगराने किंवा चर खोदताना. एवढ्या एका खुणेवरून माळ पूर्वी कुणी उकरला होता का याचा अंदाज येतो.

पांढऱ्या लादीचे तुकडे वर आलेले दिसले तर थर जवळ आहे. बिळांच्या तोंडाशी पडलेली माती तर आयता नमुना असतो, जनावराने आपल्यासाठी फुकट खणून ठेवलेला. त्यात पांढरे खडे नाहीत आणि बीळ खोल आहे, तर तिथे थर खोल तरी आहे किंवा फुटलेला तरी.

झाडोराही बघा. आखूड, तंतुमुळ्यांचं गवत सगळीकडे पसरलेलं आणि मोठी झुडुपं मात्र रांगेत उभी, असं दिसलं तर त्या रांगेखाली बहुधा थराला भेग आहे. झुडुपाची मुळं त्या फटीतून खाली उतरलेली असतात. सलग थरात असं दार सापडणं मुश्कीलच. अमेरिकी वर्गीकरणात पेट्रोकॅल्सिक थराची एक अटच अशी आहे की मुळांना वाट देणाऱ्या उभ्या भेगा एकमेकींपासून सरासरी १० सेंमी किंवा त्याहून जास्त अंतरावर असाव्यात.

पायरी २: पहारीने चाचपणी

एका ठिकाणी पहार अडली म्हणून काहीच सिद्ध होत नाही, खाली एखादा मोठा धोंडा असू शकतो. दोन-दोन पावलांवर दहा-बारा ठिकाणी पहार मारा आणि दर वेळी खोली लिहा. १२, ४०, १८, ५५ असे आकडे उड्या मारत असतील तर पहार दगडांवर आपटतेय. २८, ३१, २७, ३३ असे एकमेकांच्या आसपास राहिले तर खाली सलग काहीतरी आहे.

आवाजही वेगळा येतो. एकट्या धोंड्यावर पहार टणटणते आणि बाजूला घसरते. चुन्याच्या थरावर बद्द आवाज येतो, आणि वर काढलेल्या टोकाला पिठूळ पांढरी पूड चिकटलेली असते. ती बोटावर घेऊन आम्लाचा थेंब टाका. तिथेच फेस आला तर पुढच्या खणण्याला दिशा मिळाली.

पायरी ३: खड्डा

पहारीचे आकडे जिथे सरासरीच्या जवळ आहेत तिथे मीटरभर लांब आणि अर्धा मीटर रुंद खड्डा घ्या. काढलेली माती थराथराने वेगवेगळ्या ढिगांत ठेवा. खड्ड्याची एक बाजू उन्हाकडे तोंड करून सरळ तासा. त्या बाजूच्या काठावर उभे राहू नका, तोच तुमचा आरसा आहे.

साधारण असं दिसतं: वरचे पाच-दहा सेंमी तपकिरी-राखाडी, मुळांनी विणलेले, भुसभुशीत. त्याखाली रंग फिकटत जातो, गोटे वाढतात आणि त्यांची पांढरी साय जाड होते. मग एकदम कडक थर, तोही माथ्यालाच सगळ्यात कडक. त्या माथ्यावर काही ठिकाणी एकावर एक चढवलेले पातळ, गुळगुळीत पापुद्रे दिसतात. खोल जाल तसा थर मऊ होत पिठूळ चुन्यात किंवा सुट्या गाळात संपतो. वरून कडक, खालून मऊ ही खूण पक्की लक्षात ठेवा. कातळाचं बहुधा उलट असतं: वरचा भाग कुजून मुरूम झालेला आणि खाली जाल तसा घट्ट.

हे पापुद्रे येतात कुठून, हे समजून घ्यायला थोडं थांबू. पावसाचं पाणी हवेतला आणि मुळांपाशी सुटणारा कार्बन डायऑक्साइड घेऊन वरचा चुना विरघळवतं. हा चुना मातीतलाच असतो किंवा वाऱ्याने आणलेल्या धुळीतला. कमी पावसाच्या मुलखात हे पाणी फार खाली पोचत नाही. वाटेतच मुळं ते ओढून घेतात, काही वाफ होऊन उडतं आणि चुना तिथेच बसतो. न्यू मेक्सिकोत काम करणाऱ्या गाइल, पीटरसन आणि ग्रॉसमन यांनी १९६६ मध्ये या वाढीचे चार टप्पे मांडले. गोटाळ मातीत आधी गोट्यांच्या अंगावर पातळ साय, मग सगळे गोटे वेढणारा जाड थर, मग गोट्यांमधली जागा भरून जाणं, आणि चौथ्यात, खाली वाट बंद झाल्याने पाणी थराच्या माथ्यावर तुंबून आडवे पापुद्रे धरणं. गोटाळ मातीत हे लवकर होतं, कारण भरायला जागाच कमी असते. लवकर म्हणजे अर्थात हजारो वर्षांच्या हिशेबात. एखादा जाड थर घडायला लाखो वर्षंही लागलेली असतात.

खड्ड्यात मुळांवरही नजर ठेवा. थराच्या माथ्यावर पोचलेली मुळं काटकोनात वळून आडवी पसरलेली आणि चटईसारखी चपटी झालेली दिसली तर थर सलग आहे. एखाद्या जागी मुळांची जुडी खाली उतरताना दिसली तर तिथे बोट घालून भेग शोधा.

पायरी ४: गोटे मोजा, नुसत्या डोळ्यांवर जाऊ नका

इथे सगळेच चुकतात. २ मिमीपेक्षा मोठं ते सगळं 'दगड' धरायचं आणि त्याखालचं ते 'बारीक माती'. पाणी आणि अन्नद्रव्यं धरण्याचं जवळजवळ सगळं काम बारीक माती करते. घनफळाने १५ ते ३५ टक्के खडी असेल तर माती खडीयुक्त म्हणायची, ३५ ते ६० असेल तर फार खडीयुक्त, आणि त्यापुढे अतिखडीयुक्त. ७५ मिमीपर्यंत खडी, तिथून २५० पर्यंत गोटे, ६०० पर्यंत धोंडे आणि त्यावर शिळा. दाखला देऊन 'गोटाळ' म्हणायचं असेल तर या मापात म्हणा.

मोजायला थराच्या वरची माती बादलीभर काढा. ती निघाली त्या खळग्यात प्लास्टिक अंथरून पाणी भरा. किती लिटर मावलं ते तुमचं एकूण घनफळ. मग काढलेली माती चाळा, वर राहिलेले खडे धुवा आणि पाण्याने काठोकाठ भरलेल्या बादलीत सोडा. जेवढं पाणी बाहेर सांडलं तेवढं दगडांचं घनफळ. खळग्यात १० लिटर मावलं आणि दगडांनी ४ लिटर सांडलं तर दगड ४० टक्के.

वजनावर जाल तर फसाल. दगड मातीपेक्षा जड असतो. वजनाने निम्मे दगड भरले तर घनफळाने ते साधारण एक तृतीयांशच असतात. प्रयोगशाळेचा अहवाल वजनाचा आहे की घनफळाचा, हे विचारल्याशिवाय आकडा वापरू नका. शिवाय असे अहवाल बहुधा चाळलेल्या मातीवर केलेले असतात. त्यात दगड हिशेबातच नसतात, आणि जमीन कागदावर आहे त्यापेक्षा सधन दिसते.

पायरी ५: थर पक्का की नुसता घट्ट?

तुडवून दबलेली माती, सुकलेली चिकणमाती आणि जखडलेला थर, तिन्ही टिकावाला सारख्याच कडक लागतात. फरक पाणी सांगतं.

थराचे अंड्याएवढे दोन-तीन तुकडे काढून चांगले वाळवा. एक तुकडा पेल्यातल्या पाण्यात सोडा. चिकणमाती असेल तर बुडबुडे येत तो फुगतो, कडा ढासळतात आणि तासाभरात पेल्याच्या तळाशी चिखलाचा ढीग उरतो. जखडलेला तुकडा बुडबुडे सोडेल, पण रात्रभर ठेवला तरी आकार सोडणार नाही.

दुसरा तुकडा आम्लात ठेवा. जोरात फेस येऊन तुकडा विरत गेला तर बांधणारा चुना आहे. फेस येऊनही निम्म्याहून जास्त तुकडा तसाच राहिला तर बांधणी सिलिकाची असू शकते. अशा थराला ड्युरिपॅन म्हणतात. तो आम्लाला नाही, तीव्र अल्कलीला किंवा आम्ल-अल्कली आलटूनपालटून दिल्यावर विरतो. तो उद्योग प्रयोगशाळेवर सोडा. कॅलिफोर्नियाच्या सॅन होआकिन मातीत असाच थर आहे आणि फळबागा लावण्यासाठी तिथे एके काळी सुरुंग उडवले गेले. लालसर, गंजलेला, आजिबात न फसफसणारा थर लोहाचा, जांभ्याच्या जातीचा. त्याचं शास्त्र वेगळं आहे, हा लेख तिथे लावू नका.

एक सावधगिरी: नुसता फेस म्हणजे पक्का थर नव्हे. पिठासारखा सुटा चुनाही तितकाच फसफसतो. आधी पाणी, मग आम्ल, हा क्रम त्याचसाठी.

वरच्या मातीचा सामू (pH) साधारण ७.९ ते ८.४ च्या दरम्यान येईल. चुनखडीयुक्त मातीला तेच साजतं. स्फुरद, लोह आणि जस्त अशा मातीत असूनही झाडाला सहज मिळत नाहीत, त्यामुळे हौसेने लावलेली झाडं पिवळी पडतात. स्थानिक गवतं मात्र या घरचीच असतात, त्यांची काळजी नको.

पायरी ६: जमिनीची 'टाकी' किती लिटरची

आता आकडे जोडा. समजा थर ३५ सेंमीवर आहे आणि दगड ४० टक्के. म्हणजे बारीक माती उरली २१ सेंमी. पोयट्याची माती दर सेंमीला झाडाच्या उपयोगाचं साधारण १.५ मिमी पाणी धरते. २१ गुणिले १.५, म्हणजे जवळपास ३१ मिमी. तुमच्या जमिनीची टाकी एवढीच. मीटरभर खोल, बिनदगडी पोयट्यात ती १५० मिमी असते.

या आकड्याचे दोन चेहरे आहेत, आणि दुसरा चेहरा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पहिला उघड आहे: ५० मिमीचा पाऊस आला तर वरचा बराच भाग थरावर तुंबून बाजूने वाहून जाणार. अमेरिकेच्या जलशास्त्रीय गटवारीत पाणी न झिरपू देणारा थर ५० सेंमीच्या आत असलेली जमीन थेट 'डी' गटात, म्हणजे सर्वांत जास्त पाणी वाहून जाणाऱ्या गटात टाकतात. दुसरा चेहरा हा: ८-१० मिमीचा फुटकळ पाऊस बिनदगडी मातीचा वरचा पदरच ओला करतो आणि दोन दिवसांत उडून जातो. इथे मात्र दगडांनी जागा अडवल्यामुळे तेच पाणी उरलेल्या मातीत खोलवर जातं. सुटे गोटे वरून आच्छादनाचंही काम करतात. म्हणून छोट्या सरींच्या वर्षात गोटाळ माळ कधीकधी शेजारच्या काळ्या सपाटीच्या आधी हिरवा होतो. 'गोटे वेचून जमीन साफ करू' असं कुणी म्हणालं तर त्याला हा हिशेब दाखवा.

आणखी एक गोष्ट. थर म्हणजे काच नव्हे. न्यू मेक्सिकोच्या जोर्नाडा कुरणावरच्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं की चुन्याचा पक्का थर स्वतः पाणी शोषून धरतो, आणि त्यातलं बरंच झाडांना मिळू शकेल असं असतं. मुळं थरात शिरली नाहीत तरी माथ्यावर चटईसारखी का चिकटून बसतात, याचं उत्तर इथे असावं असं मला वाटतं.

पायरी ७: आता काय करायचं

चराई. २ सेंमी माती धुपली तर खोल जमिनीला ते कळतही नाही. इथे ३५ सेंमीतले २ गेले म्हणजे टाकीचा साधारण सतरावा हिस्सा गेला, आणि थर काही खाली सरकून जागा करून देत नाही. त्यामुळे या माळाचा पहिला नियम जमीन उघडी पडू न देणं. निम्म्याहून जास्त पाला गुरांना खाऊ द्यायचा नाही हा कुरणवाल्यांचा नेहमीचा हिशेब, पण इथे मी त्याहून हात आखडता घेईन. गवत वाढीला लागलं असताना विश्रांती द्या. पाण्याची जागा आणि मिठाचे दगड सगळ्यात उथळ भागापासून लांब ठेवा, कारण गुरं तिथेच तुडवतात. गवत गेलं की झुडुपं घुसतात, आणि मग निव्वळ गुरं हटवून गवत परत येईलच असं नाही.

थर फोडणं. ट्रॅक्टरचा नांगर किंवा रिपर लावून थर फोडावा, हा सल्ला मिळेलच. फळबागेत, सिंचन असेल आणि खाली चांगली माती असेल, तर खर्च निघूही शकतो. चराऊ माळावर ते करू नका. गवताची मुळं उखडतात, पांढरा चुना वर येतो आणि वरची आधीच थोडी असलेली माती त्यात हरवते.

कुंपण. खांबाच्या खड्ड्यांचा खर्च ठरवण्याआधी कुंपणाच्या रेषेवर पायरी २ पुन्हा करा. भेगांच्या जागी खांब बसतात, मधल्या लादीत खडक फोडायचं यंत्र लागतं. लोखंडी टोकदार खांब नुसते ठोकू गेलात तर वाकतात.

तळं. थर आहे म्हणजे पाणी आपोआप साठेल, हा हमखास महागात पडणारा समज. एक भेग पुरते. तळ्याची जागा धरली असेल तर तिथला सगळा तळ उघडा करून भेगा तपासा, नाहीतर चिकणमातीचं अस्तर धरूनच हिशेब करा.

नकाशाशी ताळा

मृदा सर्वेक्षणाचा नकाशा असेल तर तो आता उघडा, आधी नाही. आधी उघडला की खड्ड्यात तेच दिसायला लागतं. नकाशातला एक रंग म्हणजे एकच माती नसते, त्यात दुसऱ्या मातीचे तुकडे मिसळलेले असतात. 'उथळ' म्हणजे २५ ते ५० सेंमी, त्याहून कमी ते 'अतिउथळ', एवढं माहीत असलं की नोंदी जुळवता येतात. उंचवट्याच्या माथ्यावर, उतारावर आणि पायथ्याशी एकेक असे किमान तीन खड्डे घ्या. पायथ्याला धुपून आलेली माती साचल्यामुळे टाकी कधीकधी दुप्पट मोठी निघते, आणि दुष्काळात शेवटचं गवत तिथेच उरतं.

खड्डा बुजवा

फोटो काढा, फोटोत मोजपट्टी दिसू द्या, आणि जागेची खूण लिहा. मग ज्या क्रमाने ढीग लावले त्याच्या उलट क्रमाने माती आत टाका: पांढरी खाली, काळसर वर. पायाने दाबा. थोडा उंचवटा ठेवा, पहिल्या पावसात तो बसतो. वरचं गवताचं ढेकूळ जपून ठेवलं असेल तर तेही जागच्या जागी बसवा. आणि 'उद्या येऊन बुजवतो' म्हणू नका. माळावर संध्याकाळी परतणारं वासरू खड्डा बघत नाही.